आपत्तीच्या आधीची सेवा

(जागतिक रेडक्रॉस दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



८ मे हा दिवस जगभर रेडक्रॉस दिन म्हणून पाळला जातो. रेडक्रॉस म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक रक्तदान शिबिराचे आणि दुसरे पूर किंवा भूकंपानंतर गावात शिरणाऱ्या मदतीच्या ट्रकचे. दोन्ही चित्रे खरी आहेत, पण अपुरी आहेत. या संस्थेचे मर्म ज्या तिसऱ्या चित्रात सापडते, ते वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येते. ते चित्र ओडिशाच्या किनाऱ्यावरचे आहे.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी सकाळी पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात होता. पाच-सहा मीटर उंचीची समुद्राची लाट जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात शिरली आणि वस्त्याच्या वस्त्या तिने धुऊन नेल्या. राज्यभरात सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील आठ हजारांहून अधिक एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील होती. वादळ येणार, ही सूचना हवामान खात्याने दिलेली होती. आकाशवाणीवरून ती सांगितलीही जात होती. परंतु मातीच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या घरातील माणसाने ती सूचना ऐकून जायचे कोठे? गावात पक्की इमारत नाही, उंच जागा नाही. सूचना होती, आसरा नव्हता.

त्याच किनाऱ्यावर काही गावे मात्र याला अपवाद ठरली. इंडियन रेडक्रॉसच्या ओडिशा शाखेने जर्मन रेडक्रॉसच्या साहाय्याने वादळापूर्वीच्या काही वर्षांत २३ चक्रीवादळ निवारे बांधलेले होते. उंच खांबांवर उभी, भक्कम काँक्रीटची, खालून पाणी वाहून जाईल अशी ती इमारत. एरवी तिच्यात मुलांची शाळा भरे. त्या दिवशी हजारो माणसे या निवाऱ्यांत गेली आणि वाचली. बाहेर समुद्र गावावरून वाहत असताना ही माणसे आपल्याच शाळेच्या खोल्यांत दाटीवाटीने उभी होती.

मेलेल्यांची मोजदाद होते, त्यांची छायाचित्रे छापली जातात. वाचलेल्यांची मोजदाद कोणी करीत नाही. म्हणून सेवेच्या या प्रकाराला प्रसिद्धी मिळत नाही आणि देणगीही सहजी मिळत नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे: आपत्तीच्या आधीची सेवा.

मुळातली कल्पना

ही कल्पना नवी नाही. रेडक्रॉसच्या जन्मकथेतच ती आहे. हेन्री ड्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी. स्वतःच्या कामासाठी प्रवासाला निघालेला असताना २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईच्या परिसरात तो येऊन पोचला. हजारो जखमी शेजारच्या कास्तिल्योने गावात आणून टाकलेले होते. वैद्य मूठभर होते. ड्युनांने गावातील स्त्रियांना हाताशी धरले आणि चर्चच्या आवारात शुश्रूषा सुरू केली. या स्त्रियांनी जखमी फ्रेंच की ऑस्ट्रियन, हा भेद केला नाही.

ही कथा अनेकदा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र बहुधा सांगायचा राहून जातो. ड्युनांने १८६२ मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यातील खरा प्रश्न असा होता की, युद्ध सुरू झाल्यावर धावणारे हात प्रेमळ असले तरी अडाणी असतात. मग शांततेच्या काळातच स्वयंसेवकांना शिकवून तयार का ठेवू नये? या एका प्रश्नातून १८६३ ची जिनिव्हातील समिती उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. ड्युनांला मानवाची करुणा नव्याने शिकवायची नव्हती. ती गावोगाव होतीच. तिला आधी शिस्त लावण्याची गरज होती, आणि हेच त्याने ओळखले.

पहिल्या महायुद्धानंतर या विचाराला दुसरे वळण मिळाले. १९१९ मध्ये राष्ट्रीय रेडक्रॉस संस्थांचा संघ स्थापन झाला. आरोग्याचे संवर्धन, रोगांचा प्रतिबंध आणि दुःखाचे निवारण ही शांतताकाळातील कामे त्याने स्वीकारली. पाठोपाठ १९२० मध्ये आपल्या देशात कायदा होऊन इंडियन रेडक्रॉस सोसायटी अस्तित्वात आली. आज देशभरात तिच्या अकराशेहून अधिक शाखा आहेत. राष्ट्रपती हे तिचे अध्यक्ष असतात. म्हणजेच ही संस्था जन्मापासून युद्धभूमीपुरती नव्हती. बाळंतिणीचे आरोग्य, शाळकरी मुलांची स्वच्छता, साथीचे रोग, पूर आणि दुष्काळ हे सारे तिच्या कामात पहिल्यापासून होते.

निवाऱ्याने शिकविलेले धडे

आता पुन्हा ओडिशाकडे वळू. १९९९ च्या संहारानंतर त्या राज्याने जे केले, ते देशाने अभ्यासावे असे आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. देशात असे पाऊल उचलणारे ते पहिले राज्य. रेडक्रॉसच्या २३ इमारतींनी जे सिद्ध केले होते, ते राज्याने आपले धोरण म्हणून स्वीकारले. आज किनारी जिल्ह्यांत असे आठशेहून अधिक निवारे उभे आहेत. एका सेवासंस्थेने करून दाखवावे आणि शासनाने ते विस्ताराने उचलावे, हा सेवाकार्याचा सर्वांत सफल प्रवास होय.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलीन हे वादळ गोपाळपूरजवळ आले. त्याआधी सुमारे १० लाख लोकांना हलविण्यात आले होते. ३ मे २०१९ रोजी फनी पुरीजवळ आले. त्या वेळी १२ लाखांच्या आसपास माणसे सुरक्षित स्थळी गेली. दोन्ही वेळा घरे पडली, नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोलमडले. मृतांचा आकडा मात्र दोन्ही वेळा शंभराच्या आत राहिला. १० हजारांवरून शंभराच्या आत, तेही वीस वर्षांत. समुद्र तोच होता. मधल्या काळात माणसे तयार झाली होती.

परंतु केवळ इमारत बांधून हे घडत नाही. कुलूपबंद इमारतीची किल्ली कोणाजवळ आहे, हे वादळाच्या रात्री शोधत बसावे लागले, तर त्या काँक्रीटचा उपयोग काय? म्हणून निवाऱ्यात शाळा भरते, गावच्या सभा होतात, लग्नकार्येही होतात. वापरात असलेल्या इमारतीची किल्ली सर्वांना ठाऊक असते. तिची देखभाल गावची समिती करते. अंथरुणाला खिळलेली माणसे, दिवस भरत आलेल्या स्त्रिया, अपंग व्यक्ती यांची यादी आधीच तयार असते आणि कोणाला कोणी उचलून आणायचे हेही ठरलेले असते. २९ ऑक्टोबर हा दिवस ओडिशात आपत्ती-सज्जता दिन म्हणून पाळला जातो. शोकदिनाचे रूपांतर सरावाच्या दिवसात करणे, यातच त्या समाजाचे शहाणपण दिसते.

शेजारच्या देशाचा अनुभव

बंगालच्या उपसागराच्या दुसऱ्या तीरावरचा अनुभवही याच प्रकारचा आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाने किमान ३ लाख माणसांचा बळी घेतला. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७२ मध्ये तेथील रेडक्रॉसने चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम हाती घेतला आणि लवकरच शासन त्यात भागीदार झाले. ही संस्था १९८८ पासून रेड क्रेसेंट या नावाने ओळखली जाते. गावोगावी स्वयंसेवकांची पथके तयार झाली. एकाने इशारा द्यायचा, दुसऱ्याने लोकांना निवाऱ्यापर्यंत न्यायचे, तिसऱ्याने प्रथमोपचार पाहायचे, अशी कामाची वाटणी झाली. धोका जसा वाढेल तसे गावात एक, दोन, तीन निशाणे चढवायची. हातात भोंगा आणि हाताने फिरवायचा सायरन घेऊन दारोदार जायचे. आपल्याकडच्या जुन्या दवंडीचेच हे शिस्तबद्ध रूप म्हणावे लागेल.

येथे एक नाजूक प्रश्न पुढे आला. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात त्या देशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मरण पावली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून फार मोठे होते. कारणे शोधली तेव्हा कळले की, घरचा पुरुष बाहेर असताना त्याच्या परवानगीवाचून घर सोडावे कसे, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढावी कशी, कडेवर मूल आणि अंगावर पाच वार साडी घेऊन पाण्यातून पळावे कसे, या प्रश्नांत स्त्रिया अडकून पडल्या. इशारा देणारेही पुरुषच होते. मग स्त्री स्वयंसेवकांची भरती वाढविण्यात आली, निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी जागा आणि स्वच्छतागृहे करण्यात आली, गुरांसाठीही सोय पाहिली गेली. कारण गाय मागे सोडून शेतकरी घरातून हलत नाही. आज तेथील सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. २००७ च्या सिद्र वादळात मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली, तर २०२० च्या अम्फान वादळात त्या देशातील मृतांचा आकडा दोन अंकी होता.

माणूस घर का सोडत नाही, हे समजून घेतल्याखेरीज त्याला वाचविता येत नाही. त्याला अडाणी म्हणून हिणविणे सोपे असते. त्याची गुरे, त्याचे धान्याचे कणगे, मागे घर लुटले जाईल ही भीती, मागच्या खेपेस इशारा फुकट गेल्याची आठवण, या साऱ्यांचा विचार त्याच्याच गावचा माणूस करू शकतो. म्हणूनच स्वयंसेवक हा त्या गावचाच असावा लागतो. बाहेरून आलेल्या पथकाला घर क्रमांक कळतो. कोणत्या घरात आजीबाई एकट्या राहतात, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

पाणी ओसरल्यावर

आपत्तीचा दुसरा अंक पाणी ओसरल्यावर सुरू होतो. विहिरी गढूळ झालेल्या असतात, मेलेली जनावरे कुजत असतात आणि हगवण, कॉलरा, कावीळ दाराशी येऊन उभे राहतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीच्या बळींची आठवण सर्वांना आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने घेतलेल्या बळींची आठवण फारशी काढली जात नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालताना पायाच्या बारीकशा जखमेतून तो रोग शरीरात शिरतो आणि वेळीच साधे औषध मिळाले तर टळतो. येथे माहिती हेच औषध असते.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तांनीच केले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून चारच्या खाली आले. आज ज्याला जलसंजीवनी म्हणतात, तिची ही सर्वांत मोठी कसोटी होती. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

हे काम रेडक्रॉसच्या नावाने झालेले नव्हते. पण रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट यांच्या ग्रामीण आरोग्यसेवेचा पाया याच तत्त्वावर उभा आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढे ज्ञान घरातील आईजवळ असले, तर डॉक्टर पोचेपर्यंत मूल तग धरते. विहिरीत टीसीएल पावडर किती आणि केव्हा टाकावी, सर्पदंशात काय करू नये, वाहता रक्तस्राव कसा थांबवावा, क्षयरोग्याने बरे वाटू लागले तरी औषध मध्येच का सोडू नये, हे सारे शिकविणारा स्वयंसेवक वर्षभर गावात वावरत असतो. पुराच्या दिवशी लोक त्याचे ऐकतात, कारण एरवी तो त्यांच्या मुलांच्या तापाची चौकशी करीत असतो. विश्वास हा असा रोजच्या व्यवहारातून जमा होतो. ऐन संकटाच्या घटकेला तो उसना मिळत नाही.

आयुर्वेदाने आपले प्रयोजन सांगताना निरोगी माणसाचे आरोग्य राखणे हे आधी सांगितले आणि रोग्याचा रोग दूर करणे नंतर सांगितले. हा क्रम विचारपूर्वक ठेवलेला आहे. मदतकार्यालाही हाच क्रम लागू पडतो.

निःपक्षपातीपणाची कसोटी

१९६५ मध्ये व्हिएन्ना येथे रेडक्रॉस चळवळीने आपली सात तत्त्वे निश्चित केली. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता आणि वैश्विकता. यांतील निःपक्षपातीपणा उच्चारायला सोपा आणि आचरायला सर्वांत कठीण आहे. मदत कोणाला आधी? तर ज्याची निकड अधिक, त्याला. आपल्या जातीचा, आपल्या पंथाचा, आपल्या आळीचा, ओळखीच्या पुढाऱ्याने सांगितलेला, असा कोणताही निकष तेथे चालत नाही. पुराच्या वेळी मुख्य रस्त्यावरच्या गावाला दहादा मदत मिळते आणि ओढ्यापलीकडची वस्ती उपाशी राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ती वस्ती बहुधा गरिबांची आणि दुर्लक्षितांची असते.

रेडक्रॉसच्या चिन्हाविषयीही काहींच्या मनात किंतु असतो. पांढऱ्या भूमीवरील तांबडा क्रूस हे स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे उलट केलेले रूप आहे. त्या देशाच्या गौरवार्थ ते स्वीकारले गेले. तरी मुस्लिम देशांत रेड क्रेसेंटचे चिन्ह रूढ झाले आणि २००५ मध्ये लाल स्फटिक हे तिसरे चिन्हही मान्य करण्यात आले. चिन्ह कोणतेही असो, त्याचा अर्थ एकच: येथे शुश्रूषा चालू आहे.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. रंतिदेव राजाची कथा भागवतात आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर हाती आलेले अन्न त्याने याचकांना वाटून टाकले आणि उरलेले घोटभर पाणी तहानलेल्या चांडाळाला दिले. पाणी देताना त्याने कूळ विचारले नाही. कथा सर्वांना पाठ असते. पुराच्या छावणीत पंगतीची रांग लावताना तिची आठवण राहते का, हा खरा प्रश्न आहे.

उणिवांचा विचार

गौरव करताना उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सेवासंस्था शासनाला पूरक असावी. ती शासनाचे एक दालन होऊन बसली, तर स्वयंसेवकाचा उत्साह फायलींत अडकतो. जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष असतात, याचा लाभ आहे. पण त्यांची बदली होताच शाखेला झोप लागत असेल, तर दोष समाजाचा आहे. शाखेचे जीवन तिच्या सभासदांत असते.

दातृत्वाचेही तसेच आहे. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. देणाऱ्यांची भावना शुद्ध होती, पण घेणाऱ्याला काय हवे आहे, हे कोणी विचारले नव्हते. कष्ट करून जगणाऱ्या कोळ्याला दुसऱ्याचा फाटका सदरा नको असतो. त्याला जाळे आणि होडी हवी असते. सेवेत स्वाभिमान जपला गेला नाही, तर ती सेवा उपकाराच्या पातळीवर उतरते.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

शेवटी आपल्या घरचा विचार. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगाला एस.टी. बसच्या चालकाकडून कळले. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या माणसाला गावच दिसेना. पुढे जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये, जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या बागा भुईसपाट केल्या. ओडिशापुढे समुद्र आहे. महाराष्ट्रापुढे समुद्रही आहे आणि सह्याद्रीचा कडाही आहे.

मग प्रत्येक डोंगरपायथ्याच्या वाडीपुढे काही साधे प्रश्न उभे राहतात. मुसळधार पाऊस दोन दिवस थांबला नाही, तर रात्री वाडी सोडायचा निर्णय कोण घेणार? जायचे कोठे, आणि त्या शाळेची किल्ली कोणाजवळ? उचलून न्यावी लागतील अशी माणसे किती आणि कोणाच्या घरी? डोंगरात नवी भेग पडली, विहिरीचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे कलली, तर ते कोणाला कळवायचे? प्रथमोपचार शिकलेली चार माणसे तरी वाडीत आहेत का? या प्रश्नांची उत्तरे पोलीस पाटील, आशा सेविका, शाळेतील शिक्षक आणि वाडीतील चार तरुण यांनी एका संध्याकाळी बसून लिहून काढता येतील. त्याला कोट्यवधींचा निधी लागत नाही.

श्रोतेहो, रेडक्रॉस दिनाला पुष्पहार आणि भाषणे पुष्कळ होतात. येत्या पावसाळ्यापूर्वी येथील प्रत्येकाने आपल्या गल्लीतील, आपल्या मूळ गावातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे, त्यांना हात धरून बाहेर आणणाऱ्या शेजाऱ्याचे नाव लिहावे. कदाचित तो कागद कधीच उपयोगात येणार नाही. पण ज्या रात्री तो लागेल, त्या रात्री तो लिहायला वेळ नसेल.